‘टेक’ : बदलत्या यंत्रांवर न बदललेली आज्ञावली

#थ्रेड

१/ १९८४ साली एखाद्या गणितज्ञाने आपला शोधनिबंध ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीसाठी टंकित केला असेल, तर ती फाइल आजच्या लॅपटॉपवर चालते. सोबतच्या आज्ञा आणि टंकांची मापे तीच असतील, तर ओळी तेव्हा जिथे तुटल्या होत्या तिथेच आजही तुटतात, पाने तिथेच उलटतात. दरम्यान ते यंत्र संग्रहालयात गेले, त्यावरची कार्यप्रणाली इतिहासजमा झाली, आणि आज्ञावली ज्या भाषेत लिहिली होती ती भाषाही रोजच्या वापरातून मागे पडली. तरीही ओळ हलली नाही. हे कसे साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, त्याविषयी.

२/ आधी अडचण नीट समजून घ्यायला हवी. जुनी आज्ञावली ‘कुजते’ असे संगणकक्षेत्रात म्हणतात. वास्तविक तिचे एक अक्षरही बदललेले नसते. ती ज्यांच्या आधारावर उभी असते ते कंपायलर, कार्यप्रणाली आणि ग्रंथालये मात्र पुढे सरकलेली असतात. कालपर्यंत जी गोष्ट सैल शिष्टाचार म्हणून खपत होती, ती आज अपराध ठरते.

३/ अलीकडचेच उदाहरण पाहावे. सी भाषेत फंक्शन आधी जाहीर न करता वापरण्याची मुभा १९९९च्या प्रमाणकाने काढून घेतली. तरी कंपायलर पुढे पंचवीस वर्षे नुसती ताकीद देत राहिले. २०२४ मध्ये आलेल्या ‘जीसीसी १४’ने त्या ताकिदीची चूक केली, आणि कितीतरी जुनी सॉफ्टवेअरे एका रात्रीत बांधली जाईनाशी झाली. ‘जीसीसी १५’ने २०२३चे प्रमाणक मूळ धरले. त्यात ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द झाला. ज्या जुन्या आज्ञावल्यांनी त्याच नावाचा स्वतःचा प्रकार घडवला होता, त्या अडखळल्या.

४/ अशा वेळी उपाय दोनच दिसतात. एक, कंपायलरला जुन्या प्रमाणकानुसार वागायला सांगणे. दुसरा, मूळ मजकूर दुरुस्त करणे. पहिला उपाय उसना वेळ देतो. दुसरा दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो. ‘टेक’च्या इतिहासात तिसरा मार्ग दिसतो. कोणती गोष्ट बदलणार आणि कोणती कधीच बदलणार नाही, याची सीमारेषा लिहितानाच आखून ठेवणे.

५/ आरंभ १९७७चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांची, मोनोटाइप यंत्रावर जुळवलेली होती. नव्या आवृत्तीची मुद्रिते प्रकाशजुळणीची आली, आणि ती पाहून कनूथ कमालीचे निराश झाले. गणिताचे पान देखणे असावे हा त्यांचा आग्रह होता. मग त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली. काम थोडक्यात आटोपेल असा अंदाज होता; त्यात एक दशक गेले.

६/ नावाविषयी एक खुलासा. त्यातील शेवटचे अक्षर इंग्रजी ‘एक्स’ नसून ग्रीक ‘खी’ आहे, म्हणून उच्चार ‘टेक्स’ होत नाही. ज्या ग्रीक शब्दापासून तंत्र या अर्थाचा इंग्रजी शब्द आला, त्याच शब्दात कला हाही अर्थ आहे. कनूथ यांना दोन्ही अर्थ हवे होते.

७/ १९७८चे पहिले ‘टेक’ ‘सेल’ या भाषेत लिहिलेले होते. ती स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत घडलेली भाषा. चालायची पीडीपी-१० या यंत्रावर. आज्ञावली चांगली होती, पण तिची मुळे एका प्रयोगशाळेच्या अंगणात रुतलेली होती. बाहेरची विद्यापीठे ती मागू लागली, तेव्हा प्रत्येकाला ती आपल्या यंत्राच्या भाषेत नव्याने लिहून घ्यावी लागे. अशा प्रत्येक प्रतीत मूळापासून थोडे अंतर पडे. एकाच्या ‘टेक’मध्ये जे पान सुबक दिसे, ते दुसऱ्याच्या ‘टेक’मध्ये तसेच दिसेल याची हमी नव्हती.

८/ कनूथ यांनी तेव्हा घेतलेला निर्णय आज विसंगत वाटू शकतो. पुढे सुसंगतीचा मानदंड ठरलेल्या या माणसाने आधी सुसंगती मोडली. १९८२च्या सुमारास त्यांनी संपूर्ण आज्ञावली नव्याने रचली. जुन्या ‘टेक’साठी लिहिलेल्या फाइली नव्यावर जशाच्या तशा चालत नसत. वापरणारे मोजके होते तोवर हा घाव सोसण्याजोगा होता. आणखी पाच वर्षांनी तो सोसला नसता. मोडायचेच असेल तर लवकर मोडावे, हा या इतिहासातील पहिला धडा.

९/ नव्या लेखनासाठी पास्कल भाषा निवडली गेली. निकलाउस विर्ट यांनी १९७०च्या सुमारास रचलेली ही भाषा तेव्हा जवळपास प्रत्येक विद्यापीठात शिकवली जात होती. पण प्रत्येक यंत्रावरची पास्कल थोडी वेगळी असे. म्हणून कनूथ यांनी त्या भाषेचा जो भाग सर्वत्र सारखा होता तेवढाच वापरला, आणि बाकीच्या सोयींकडे पाठ फिरवली.

१०/ हा संयम किती टोकाचा होता पाहा. पास्कलमध्ये स्मृतीची जागा मागून घेण्याची सोय होती. ती वापरलेली नाही. त्याऐवजी एक प्रचंड मोठी सारणी घेऊन तिच्यातील जागांचा हिशेब आज्ञावली स्वतःच ठेवते. मूळ मजकुरात त्या सारणीची मर्यादा ३० हजार आहे. आजच्या प्रचलित मांडणीत ती ५० लाख असते. यंत्रे इतकी वाढली, तरी आज्ञावलीचा तर्क तोच राहिला. बदलला तो केवळ एक आकडा.

११/ वर्णांचेही तसेच. तेव्हा ‘अ’ या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा यावर यंत्रांचे एकमत नव्हते. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांची संकेतावली निराळी, इतरांची निराळी. ‘टेक’ने दोन कोष्टके ठेवली. आत येणारे अक्षर एका कोष्टकातून स्वतःच्या संकेतात आणायचे, आणि बाहेर जाताना दुसऱ्यातून यंत्राच्या संकेतात न्यायचे. मधला सारा व्यवहार एकाच संकेतात. उंबरठ्यावर दुभाषा बसवला की घरात कोणाला परकी भाषा शिकावी लागत नाही.

१२/ आजची तारीख विचारण्याची प्रमाण पद्धतही पास्कलमध्ये नव्हती. मग मूळ मजकुरात काय लिहायचे? कनूथ यांनी तिथे ४ जुलै १७७६, दुपारी बारा ही वेळ घातली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची तारीख. विनोद आहे, पण उपयोगी आहे. ज्याने आपल्या यंत्रासाठी हा भाग बदलला नाही, त्याच्या पहिल्याच कागदावर १७७६ साल उमटे आणि चूक लपून राहत नसे.

१३/ सर्वांत महत्त्वाची खबरदारी अंकगणितात होती. दशांश चिन्हाचे आकडे प्रत्येक यंत्र आपापल्या पद्धतीने गोळाबेरीज करत असे. एका ओळीच्या रुंदीत केसभर फरक पडला, तर शब्द खालच्या ओळीत जातो, त्यामागून परिच्छेद वाढतो आणि पुढची सगळी पाने सरकतात. म्हणून ‘टेक’मध्ये अंतरे पूर्णांकात मोजली जातात. एका पॉइंटचे ६५,५३६ भाग केले, तो एक एकक. इंचात ७२.२७ पॉइंट. हे एकक दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाइतके सूक्ष्म आहे. दशांश आकडे वापरले गेले ते अशाच ठिकाणी, जिथे त्यांचा ओळ तोडण्याच्या निर्णयाशी संबंध येत नाही.

१४/ आता बांधणीकडे. कनूथ यांनी ‘वेब’ नावाची पद्धत रचली. जागतिक माहितीजाळ्याच्या कितीतरी आधीचे हे नाव. यात आज्ञा आणि त्यांचे स्पष्टीकरण एकाच फाइलीत, निबंधासारखे गुंफलेले असते. त्या फाइलीतून ‘टँगल’ यंत्रासाठी पास्कल काढतो, आणि ‘वीव्ह’ माणसासाठी छापण्याजोगे पुस्तक काढतो. ‘टेक’ची संपूर्ण संहिता १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथाच्या सूचीत ‘यंत्रसापेक्ष भाग’ अशी एक नोंद आहे. नव्या यंत्रावर नेताना कुठे कुठे हात घालावा लागेल, त्या सर्व ठिकाणांचे क्रमांक तिथे दिलेले आहेत.

१५/ हात कसा घालायचा याचाही नियम होता. मूळ फाइलीला स्पर्श करायचा नाही. बदल एका वेगळ्या फाइलीत लिहायचे: हा जुना मजकूर, हा त्याच्या जागी नवा. ‘टँगल’ दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचतो. जुना मजकूर मूळ फाइलीत अक्षरशः सापडला तरच बदल लागू होतो; सापडला नाही तर तो तक्रार करतो. त्यामुळे मूळ सुधारले गेले आणि स्थानिक बदल शिळा झाला, तर ते बांधणीच्या वेळीच कळते. आजच्या वितरणांत मूळ संहिता आणि तिच्यावरचे ‘पॅच’ वेगळे ठेवतात, त्यामागे हाच विवेक आहे.

१६/ यासोबत एक करार होता, नावाविषयीचा. संहिता कोणीही वाचावी, कोणीही वापरावी. मात्र बदललेल्या आज्ञावलीला ‘टेक’ म्हणू नये. ‘टेक’ म्हणवून घेण्यासाठी एक परीक्षा ठेवली, तिचे नाव ‘ट्रिप’. ती फाइल मुद्दाम विक्षिप्त आहे. कोणताही शहाणा माणूस जे लिहिणार नाही ते सारे तिच्यात भरलेले आहे, जेणेकरून आज्ञावलीचा प्रत्येक अंधारा कोपरा तपासला जावा. निकाल कनूथ यांच्या निकालाशी जुळला पाहिजे. सूट काही ठरावीक बाबतींतच.

१७/ पुढे अपेक्षेप्रमाणे जमीन सरकली. युनिक्सच्या प्रसाराबरोबर सी भाषा सर्वत्र झाली आणि पास्कलचे कंपायलर विरळ होऊ लागले. आज्ञावली तिच्या भाषेपेक्षा दीर्घायुषी ठरण्याची चिन्हे दिसू लागली. पंचवीस हजारांच्या आसपास ओळींची संहिता हाताने सी भाषेत उतरवणे हा सरळ मार्ग होता, आणि तोच घातक होता. हाताने केलेल्या भाषांतरात नव्या चुका शिरतात, आणि मूळात पुढे होणाऱ्या दुरुस्त्या तिथवर पोचत नाहीत.

१८/ टॉमस रोकिकी यांनी १९८७ मध्ये वेगळी वाट धरली. ‘टेक’चे भाषांतर करण्याऐवजी, ‘टेक’मध्ये वापरलेल्या पास्कलचे सी भाषेत रूपांतर करणारे यंत्रच त्यांनी घडवले. हॉवर्ड ट्रिकी आणि पॅव्हेल कर्टिस यांनी युनिक्ससाठी आधीच लिहिलेल्या बदल-फाइली त्यांच्या हाताशी होत्या. पुढे टिम मॉर्गन, १९९० पासून कार्ल बेरी आणि १९९७ पासून ओलाफ वेबर यांनी हे काम सांभाळले. त्याचेच नाव ‘वेब-टू-सी’. आजही प्रत्येक बांधणीत कनूथ यांचीच फाइल प्रथम वाचली जाते, बदल-फाइल तिच्यावर चढते, पास्कल तयार होते आणि मग त्याचे सी. कंपायलर बदलला की डागडुजी रूपांतरकात होते. मूळ संहितेला त्याचा पत्ताही लागत नाही.

१९/ यात एक गंमतीचा पेच आहे. ‘टँगल’ स्वतःही ‘वेब’मध्येच लिहिलेला आहे. तो बांधायला ‘टँगल’ लागतो. ही गाठ सोडवण्यासाठी त्याची पास्कलमध्ये आधीच काढून ठेवलेली एक प्रत सोबत देतात. विरजणासाठी आदल्या दिवशीचे दही राखून ठेवावे, तशी.

२०/ १९८९ मध्ये स्टॅनफर्डला भरलेल्या ‘टेक’ वापरकर्त्यांच्या संमेलनात युरोपीय मंडळींनी गाऱ्हाणे मांडले. ‘टेक’ १२८ वर्णांपुरते होते. स्वरचिन्हे असलेल्या भाषांना ते तोकडे पडे. काम संपले असे मानणाऱ्या कनूथ यांनी ते पुन्हा उघडले. आठ बिटांची, २५६ वर्णांची आवृत्ती ३.० झाली आणि अनेक भाषांच्या शब्दतोडीची सोयही आली. जुन्या फाइली मात्र पूर्ववत चालत राहिल्या. नवे दार काढले, पण जुने बुजवले नाही.

२१/ त्यानंतर १९९० मध्ये त्यांनी जाहीर केले की आता नवी वैशिष्ट्ये नाहीत. केवळ दोषांची दुरुस्ती. प्रत्येक दुरुस्तीगणिक आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या एकेका अंकाने लांबतो. २०२१ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे. त्याआधीच्या दुरुस्त्या २००८ आणि २०१४च्या. कनूथ यांच्या पश्चात क्रमांक साक्षात ‘पाय’ होईल, आणि उरलेले दोष वैशिष्ट्ये मानले जातील. दोष दाखवणाऱ्याला ते स्वतः धनादेश पाठवत. रक्कम २.५६ डॉलरपासून दुपटीने वाढत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली. १९८९च्या एका लेखात त्यांनी स्वतःच्या ८५०हून अधिक चुका आणि बदल क्रमवार छापले आहेत.

२२/ गोठवण्याची किंमत होतीच. नव्या गरजा संपल्या नव्हत्या. त्या इतरांच्या अंगावर आल्या. हान थे थान यांचे ‘पीडीएफटेक’, पुढे जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’, ‘लुआटेक’ अशी वेगळ्या नावांची भावंडे जन्मली. नाव वेगळे ठेवण्याच्या अटीमुळे मूळ ‘टेक’ कोणाच्या सोयीसाठी वाकले नाही. पण एकाच्या जागी चार आज्ञावल्या सांभाळायचे ओझे पुढच्या पिढीने, बहुतांशी विनामोबदला, उचलले.

२३/ देवनागरीची कथा इथेच जोडलेली आहे. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी ‘टेक’साठी देवनागरी टंक केले. ‘टेक’ला ना जोडाक्षर ठाऊक, ना ऱ्हस्व इकार, ‘किती’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, हे त्याला कोण सांगणार? वेल्टहाउस यांनी मूळ आज्ञावलीला हात लावला नाही. रोमन लिपीत टंकलेला मजकूर आधी वाचून त्याची ‘टेक’ला कळेल अशी मांडणी करणारी पूर्व-आज्ञावली लिहिली. या संचात अ, झ, ण यांसारख्या अक्षरांची मुंबई आणि कलकत्ता अशी वेगळी वळणेही मिळतात.

२४/ पुढे युनिकोड आले. २००४ मध्ये अवतरलेल्या ‘झीटेक’मुळे मराठी मजकूर देवनागरीतच टंकून थेट छापता येऊ लागला. ते ‘झीटेक’ही कनूथ यांच्याच संहितेवर बदल चढवून घडले. आणि वेल्टहाउस यांचा संच टाकून दिला गेला नाही. तो आजही प्रचलित वितरणात आहे. त्या पद्धतीने टंकलेला जुना ग्रंथ पुन्हा काढायचा झाला, तर संपूर्ण मजकूर नव्याने टंकावा लागत नाही.

२५/ ‘टेक’वर उभे असलेले ‘लेटेक’ मात्र गोठवता आले नाही. १९९४च्या आवृत्तीने जुन्या फाइली ओळखण्याची युक्ती काढली. फाइलीचा आरंभ जुन्या आज्ञेने झाला, तर ती जुन्या रीतीने वागे. गाभ्यातील दुरुस्त्या वीसएक वर्षे एका वेगळ्या संचात ठेवल्या, म्हणजे ज्याला हव्यात त्यानेच त्या मागाव्यात. २०१५ मध्ये धोरण उलटे झाले. दुरुस्त्या गाभ्यात आल्या, आणि ज्याला जुने वर्तन हवे त्याने फाइलीच्या आरंभी तारीख सांगावी असे ठरले. सुसंगतीचा भार कोणी वाहायचा, नव्याने की जुन्याने, हा प्रश्न तंत्रापेक्षा न्यायाचा आहे.

२६/ १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या भांडारात लेखकाने धाडलेली मूळ फाइल जपली जाते. जुन्या निबंधांसाठी तिथे जुनी ‘टेक’-वितरणे राखून ठेवलेली आहेत, कारण ‘टेक’ न बदलले तरी भोवतालचे संच बदलतात. एखाद्या सिद्धतेत समीकरण हलले किंवा संदर्भाचा क्रमांक चुकला, तर नुकसान केवळ शोभेचे होत नाही.

२७/ जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर बांधायला घेणाऱ्यासाठी यातून काही नियम निघतात. मूळ प्रत अबाधित ठेवावी. बदल वेगळे लिहावेत. बदल जुळला नाही तर बांधणी थांबलीच पाहिजे. यंत्राशी असलेला संबंध मोजक्या ठिकाणी एकवटावा. कंपायलरला जुन्या प्रमाणकाची आज्ञा द्यायची झाली, तर ती नोंदवून ठेवावी. आणि ‘चालते’ यावर समाधान मानू नये. आधी निघत होते तेच निघते का, याची ‘ट्रिप’सारखी परीक्षा हाताशी ठेवावी.

२८/ ‘टेक’ न बदलता टिकले असे म्हणताना, त्याच्या भोवती बदलत राहिलेली माणसे विसरता येत नाहीत. मूळ संहिता स्थिर राहिली, कारण कोणीतरी दर वर्षी रूपांतरक दुरुस्त केला, नवा कंपायलर काय नाकारतो ते पाहिले आणि परीक्षा पुन्हा चालवली. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीत. १९८४च्या त्या निबंधाचा लेखक कदाचित आज हयात नसेल. त्याच्या ओळी मात्र त्याने पाहिल्या होत्या तिथेच आहेत.

(समाप्त)